कोडगेपणा मोजायला बसण्याआधी : शाळेतल्या नव्या समुपदेशकांसाठी आणि प्रकल्पवाल्या विद्यार्थ्यांसाठी

मी शाळेत समुपदेशक म्हणून लागून जेमतेम चार महिने झाले होते. सातवीतला एक मुलगा घडी घातलेली चिठ्ठी घेऊन आला. वर्गशिक्षकांनी लिहिलं होतं, ‘याला पश्चात्ताप नावाची गोष्टच नाही. सायकोपॅथ आहे का ते तपासून कळवावे.’ मुलगा समोर बसून खोडरबराचे बारीक तुकडे करून ते ओळीने मांडत होता. मी नेटवरून एक प्रश्नावली उतरवली, रात्री बसून मराठी केली, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून भरून घेतली आणि बेरीज केली. आकडा आला ३६. ७२ पैकी ३६, म्हणजे बरोबर निम्मे. मी चिठ्ठीच्या मागे ‘मध्यम प्रमाणात’ असं लिहून पाठवून दिलं.

त्या ३६ चा खरा अर्थ मला पुढे दोन वर्षांनी कळला. तो सातव्या पायरीत सांगते. मधल्या काळात केलेल्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हा सगळा खटाटोप. एम.ए.च्या प्रकल्पासाठी हा विषय घेतलेले आणि शाळेत नव्याने लागलेले समुपदेशक डोळ्यांपुढे ठेवून लिहितेय. पालक वाचत असाल तर वाचा जरूर, पण घरी मुलाला समोर बसवून गुण काढू नका.

१. आधी शब्द नीट लावा

इंग्रजीत याला ‘कॅलस-अनइमोशनल ट्रेट्स’ म्हणतात, आपापसात बोलताना ‘सीयू ट्रेट्स’. दुसऱ्याला दुखावल्यावर मनाला टोचणी न लागणं, समोरच्याच्या दुःखाने आतून न हलणं, अभ्यासात वा कामात आपण कसे आहोत याची फिकीर नसणं, आणि भावना वरवरच्या किंवा कामापुरत्या असणं, हे ते चार धागे. २०१३ साली डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तकाने, हेच चार धागे कंडक्ट डिसऑर्डरच्या (मुलांच्या सततच्या गंभीर गैरवर्तनाच्या) निदानाला जोडायची एक पुरवणी म्हणून घेतले आणि नाव दिलं ‘लिमिटेड प्रोसोशल इमोशन्स’. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्येही अशी पुरवणी आहे. स्वतंत्र आजार म्हणून मात्र याचं नाव कुठेच नाही.

मराठीत लोक याला काय म्हणतात? ‘निर्दयी’, ‘भावनाशून्य’ हे पुस्तकातले शब्द. आई-वडील दारात येतात ते वेगळाच शब्द घेऊन. एका आईने मला सांगितलं होतं, “म्याडम, मारून मारून माझा हात दुखला, पन याच्या डोळ्यात टिपूस नाही. पार कोडगा झालाय.”

या वाक्यातल्या ‘झालाय’वर थांबा. आपल्याकडे मूल कोडगं ‘जन्मत’ नाही, ‘होतं’. तेही बहुतेकदा मार खाऊन, बोलणी खाऊन. संशोधनाला हा भेद सापडायला बराच काळ लागला. बेन कार्पमन यांनी १९४१ साली मोठ्यांच्या बाबतीत प्राथमिक आणि दुय्यम असे दोन प्रकार मांडले, आणि अलीकडच्या दशकांत मुलांच्या बाबतीतही तशीच विभागणी दिसू लागली. काही मुलांना मुळातच भीती आणि चिंता कमी असते, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती त्यांना चटकन ओळखू येत नाही. काही मुलं मात्र आतून भेदरलेली असतात. मारहाण, दुर्लक्ष, घरातला हिंसाचार सोसून त्यांनी वरून कवच चढवलेलं असतं. प्रश्नावलीवर दोघांचा आकडा सारखाच येऊ शकतो. पुढचं सगळं मोजमाप या एका अडचणीभोवती फिरतं, म्हणून ती इथेच सांगून टाकली.

२. कशासाठी मोजताय ते एका ओळीत लिहा

‘शिक्षकांनी सांगितलं म्हणून’ हे उत्तर असेल तर थांबा. प्रकल्पासाठी गटाचा अभ्यास करायचा असेल तर प्रश्नावली पुरते. एका मुलाला मदत कशी करायची हे ठरवायचं असेल तर प्रश्नावली ही सुरुवात. पुढे मुलाखत, निरीक्षण, घरची हकीकत हे सगळं लागतं, आणि निदान करायचं काम बालमानसोपचारतज्ज्ञाचं किंवा आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी असलेल्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचं. तुम्ही एम.ए. करून समुपदेशक असाल तर तुमच्या हातात चाळणी आहे, तराजू नाही. हे मलाही पचायला वेळ लागला.

तिसरं कारण कधीकधी बाहेरून येतं : गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या बाल न्याय मंडळाकडून. त्याबद्दल शेवटी.

३. साधन निवडा

नवख्या माणसाला इथे नावांची गर्दी दिसते. तुम्हाला कामापुरती एवढी माहीत हवीत :

आयसीयू, म्हणजे इन्व्हेंटरी ऑफ कॅलस-अनइमोशनल ट्रेट्स. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रिक यांनी २००४ साली तयार केली. २४ विधानं, प्रत्येकाला ० ते ३ गुण. किशोरांनी स्वतः भरायची, पालकांनी भरायची, शिक्षकांनी भरायची अशा वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, आणि बालवाडीच्या वयासाठी पालक-शिक्षकांच्या वेगळ्या. नव्याने सुरू करणाऱ्याने हीच घ्यावी. (एक सूचना : पालकांसमोर ‘तुमच्या मुलाची आयसीयू करायची आहे’ असं म्हणू नका. मी म्हटलं होतं. वडील खुर्चीतून उठून उभेच राहिले, “काय झालं त्याला? कुठल्या दवाखान्यात नेलंय?” तेव्हापासून मी नुसतं ‘प्रश्नावली’ म्हणते.)

एपीएसडी (अँटिसोशल प्रोसेस स्क्रीनिंग डिव्हाइस) ही तिच्या आधीची प्रश्नावली, फ्रिक आणि रॉबर्ट हेअर यांची, २० विधानांची. त्यात सीयूला वाहिलेली विधानं फक्त ६, आणि उत्तरं ०-१-२ एवढीच, त्यामुळे फरक नीट उमटत नाही. त्यातल्याच चार विधानांचा विस्तार करून आयसीयू जन्माला आली : प्रत्येकाची सहा, त्यांतली तीन सुलटी (दुसऱ्याचं वाटतं अशी), तीन उलटी (वाटत नाही अशी). ही तीन-तीनची गंमत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

केप ही प्रश्नावली नाही. ती डीएसएम-५ च्या त्या चार लक्षणांवर प्रशिक्षित व्यक्तीने मुलाशी आणि त्याला जवळून ओळखणाऱ्यांशी बोलून करायची मुलाखत आहे. आयसीयूचा आकडा वर आला की पुढचं पाऊल हे.

पीसीएल-वायव्ही, म्हणजे किशोरांसाठीची सायकोपॅथी चेकलिस्ट, २००३ साली आली. १२ ते १८ वयासाठी, मुलाखत आणि कागदपत्रं दोन्ही बघून गुण द्यायचे. प्रशिक्षणाशिवाय हिच्या वाटेला जाऊ नका. शाळेत तर हिचं कामच नाही.

सोबतीला २५ विधानांची एसडीक्यू घ्या, रॉबर्ट गुडमन यांची. चिंता-उदासी, वर्तन, चंचलता, मैत्री आणि मदतीची वृत्ती असा सगळा पट एका पानात दिसतो. पहिल्या पायरीत सांगितलेली ‘आतून भेदरलेली’ मुलं ओळखायला चिंतेचा तो भाग फार उपयोगी पडतो.

वयाचं भान ठेवा. साधारण तेरा वर्षांखालच्या मुलाने स्वतःबद्दल भरलेल्या आयसीयूवर मी भरवसा ठेवत नाही. तिथे पालक आणि शिक्षक. माझा तो सातवीतला मुलगा बारा वर्षांचा होता. ही पहिली चूक.

४. कागदपत्रं आणि सामान

- मूळ लेखकाच्या प्रयोगशाळेकडून वापराची परवानगी. भाषांतर करणार असाल तर त्याची वेगळी. ई-मेलचं उत्तर छापून फाइलला लावा.
- संशोधन असेल तर संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची लेखी मंजुरी. मुलं घेऊन काम असलं की समिती जास्त प्रश्न विचारते, तेव्हा सत्र सुरू होण्याच्या बऱ्याच आधी अर्ज टाका.
- मुख्याध्यापकांचं पत्र. तोंडी ‘करा की मॅडम’ चालत नाही. बदली झाली की नवे मुख्याध्यापक पहिल्यांदा पत्रच मागतात.
- पालकांचं संमतीपत्र, त्यांना वाचता येईल अशा मराठीत. त्यात ‘मुलांच्या भावना आणि वागणुकीचा अभ्यास’ असं खरं पण साधं लिहा.
- मुलाची स्वतःची संमती. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लहान मुलांची तोंडी आणि १२ वर्षांपुढच्यांची लेखी. मूल ‘नको’ म्हणालं तर पालकांची सही असली तरी नको.
- नाव न लिहिता क्रमांक टाकलेल्या प्रश्नावल्या, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या, कुलूप असलेल्या कपाटात.
- पेन्सिली, टोक काढलेल्या. आणि एक पट्टी : विधानाखाली धरून वाचलं की मुलांची ओळ चुकत नाही.

संमती घेताना ‘तू सांगशील ते कुणालाच कळणार नाही’ असं कबूल करू नका. बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मी मुलांना म्हणते, “तुला किंवा कुणाला धोका आहे असं वाटलं तर मला मदत मागावी लागेल. बाकी आपल्यातच.” चाइल्डलाइनचा १०९८ खोलीत दिसेल असा लावून ठेवा.

५. भाषांतर : इथेच बहुतेकांची बोट बुडते

रीत अशी की एकाने मराठी करायचं, मूळ कधीही न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग तिघाचौघांनी बसून दोन्ही इंग्रजी ताडून पाहायच्या, आणि शेवटी दहापंधरा मुलांवर चाचणी घ्यायची. आळस येतो तो शेवटच्या भागाचा, आणि खरी गंमत तिथेच असते.

इतरांना आपण ‘कोल्ड’ वाटतो अशा अर्थाचं एक विधान आहे. आमच्या भाषांतरात ते झालं ‘थंड स्वभावाचा’. उलट भाषांतरात ते सुरळीत ‘कोल्ड’ म्हणून परतही आलं, सगळे खूश. चाचणीच्या दिवशी एका आजींनी नातवासाठी अभिमानाने ‘अगदी खरं’वर खूण केली. “लई थंड हाय पोरगं. कुनाच्या अध्यात ना मध्यात.” मराठीत थंड म्हणजे शांत, नाहीतर मंद. दगडी काळीज त्यात कुठे येत नाही. शेवटी आम्ही ‘कुणाचं काही वाटत नाही असा’ हे घेतलं.

‘भावना’ हा दुसरा खड्डा. आठवीतल्या मुलीने विचारलं, “मॅडम, भावना म्हणजे त्या दुखावतात त्या का?” शब्द तिने बातम्यांत ऐकलेला, मोर्चे आणि निषेधांबरोबर. स्वतःच्या आत काय चाललंय याला मुलं ‘मनातलं’ म्हणतात. ‘मनातलं चेहऱ्यावर दिसतं’ हे त्यांना लगेच कळतं.

‘वाईट वाटणं’ सगळ्यांत फसवं. खंत, दुःख, पश्चात्ताप, पकडलं गेल्याचा वैताग, सगळं त्या दोन शब्दांत मावतं. एका मुलाने ‘चूक केली की मला वाईट वाटतं’पुढे ‘अगदी खरं’ केलं. मी विचारलं, परवा मित्राचा चष्मा फोडलास तेव्हा कशाचं वाईट वाटलं? “पप्पांनी मोबाइल काढून घेतला त्याचं.” प्रश्नावलीत ‘मनाला टोचणी लागते’ घेतलं तर बरं पडतं, पण शहरी मुलांना ‘टोचणी’ माहीत नसते. म्हणून आम्ही ‘कुणी रागावलं नाही तरी वाईट वाटतं’ असं लिहिलं. असे फेरफार करताना प्रत्येक बदलाची नोंद कारणासकट ठेवा, कारण मार्गदर्शक आणि बाहेरचे परीक्षक नेमकं तेच विचारतात.

आणि दुहेरी नकार. ‘मला वेळेवर पोहोचण्याची पर्वा नसते’ याच्यापुढे ‘अजिबात खरं नाही’. आता याला पर्वा आहे की नाही? मोठी माणसंसुद्धा पेन्सिल हवेत धरून थांबतात. नकारी विधान शक्य तिथे होकारी क्रियापदाने लिहा : ‘उशीर झाला तरी मला चालतं.’ उत्तरांचे चार रकाने आम्ही ‘अजिबात खरं नाही, थोडंफार खरं, बरंच खरं, अगदी खरं’ असे ठेवले.

अभ्यासाची फिकीर विचारणारी विधानंही तपासा. कांद्याच्या काढणीत पहाटेपासून राबणारा आणि गणिताची वही न उघडणारा मुलगा बेफिकीर आहे का? विधानात ‘शाळेत किंवा कामात’ असं मुळात आहे. भरताना शिक्षक ‘काम’ विसरतात, आई ‘शाळा’.

६. कोणाकडून भरून घ्यायची, आणि कशी

एकाकडून कधीच नाही. घर आणि शाळा, दोन्हीकडून. डीएसएम-५ सुद्धा चारपैकी किमान दोन लक्षणं, किमान १२ महिने, आणि एकाहून जास्त नात्यांत व ठिकाणी दिसली पाहिजेत असं म्हणतं. मुलगा फक्त एका सरांच्या तासालाच दगड होत असेल तर आधी त्या तासाला जाऊन बसा.

आणि तो तास पाहताना छडी कुठे ठेवलेली आहे तेही पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा बंद झाली आहे, हे कागदावर. मार देणाराच जेव्हा ‘याला काही वाटत नाही’ असं भरून देतो, तेव्हा तो आकडा निम्मा मुलाचा आणि निम्मा त्यांच्या हाताचा असतो. मी आता शिक्षकांच्या प्रश्नावलीसोबत एक कोरा कागद देते : ‘याला गेल्या महिन्यात कुणासाठी काही करताना पाहिलंत का?’ बरेच जण कागद कोरा परत देतात. काही मात्र डोकं खाजवत येऊन सांगतात, “अहो, तो त्या कुत्र्याला रोज डबा देतो.”

पालक आणि शिक्षकांचे गुण जुळत नाहीत, हे गृहीत धरा. संशोधनात दोघांपैकी जास्त असलेला गुण धरायची पद्धत रूढ आहे. काही जण सरासरी घेतात. काहीही घ्या, पण मोजायला सुरुवात करण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. आकडे बघून पद्धत निवडली तर तो अभ्यास राहत नाही.

मुलांकडून भरून घेताना वर्गशिक्षक खोलीत नकोत. एका बाकावर एकच जण. आणि ‘ही परीक्षा नाही’ हे सांगून भागत नाही, कारण मुलांना ते प्रत्येक परीक्षेआधी सांगितलेलं असतं. मी पहिलं विधान फळ्यावर लिहून माझं स्वतःचं उत्तर त्यांच्यासमोर भरते, तेही फारसं शोभेलसं नाही.

७. गुण मोजणं, आणि छत्तीसचा आकडा

२४ पैकी १२ विधानं सुलटी आहेत, म्हणजे ‘मला दुसऱ्याचं वाटतं’ अशा धाटणीची. त्यांचे गुण उलटवायचे : ० चे ३, १ चे २, २ चा १, ३ चे ०. मग बेरीज. जास्तीत जास्त ७२.

आता गंमत पाहा. एखाद्या मुलाने न वाचता सगळ्या खुणा एकाच रकान्यात केल्या, समजा सगळीकडे ‘थोडंफार खरं’. उलटी १२ विधानं, प्रत्येकी १, झाले १२. सुलटी १२ विधानं उलटवून प्रत्येकी २, झाले २४. बेरीज ३६. सगळीकडे ‘अगदी खरं’ केलं तरी ३६. कुठलाही रकाना धरा, ३६ च. माझ्या त्या पहिल्या मुलाने पट्टी लावल्यासारख्या एका रेषेत खुणा केल्या होत्या. दोन वर्षांनी जुना कागद हाती आला तेव्हा ते दिसलं. त्याने एकही विधान वाचलं नव्हतं आणि मी त्याला ‘मध्यम’ ठरवून मोकळी झाले होते.

उलट बाजूने, तुम्ही गुण उलटवायला विसरलात तर अत्यंत मायाळू मूल (सुलट्यांना ३, उलट्यांना ०) आणि अत्यंत निष्ठुर मूल (सुलट्यांना ०, उलट्यांना ३) दोघांचेही ३६ च येतात. तेव्हा तुमच्या तक्त्यात सगळे ३६ च्या आसपास घुटमळताना दिसले तर खूश होऊ नका, सूत्र तपासा.

एक्सेलवाल्यांसाठी आणखी एक. रिकाम्या रकान्याला एक्सेल शून्य समजतं. उलटवण्यासाठी ‘३ वजा रकाना’ असं सूत्र घातलंत की न भरलेल्या विधानाला गुपचूप ३ मिळतात, म्हणजे सर्वांत वाईट गुण. मूल ओळ विसरलं आणि निष्ठुर ठरलं! आधी रिकाम्या जागा मोजा, मगच सूत्र ओढा.

उपविभाग तीन धरतात : निष्ठुरपणा (११ विधानं), बेपर्वाई (८) आणि भावना न दाखवणं (५). ही विभागणी २००६ साली जर्मनीतल्या १३ ते १८ वयाच्या १४४३ मुलामुलींच्या अभ्यासातून आली. पुढच्या काही अभ्यासांत दोन विधानं गळून २२ ची आवृत्ती वापरली गेली, तिथे कमाल ६६ होते. दुसऱ्यांच्या शोधनिबंधातल्या सरासरीशी आपली ताडताना आधी त्यांची विधानं मोजा. बेपर्वाईची आठही विधानं सुलटी आहेत. म्हणजे तो उपविभाग खरोखर वेगळा गुणधर्म मोजतो की फक्त वाक्यांची दिशा, ही शंका अभ्यासकांनी घेतलेली आहे आणि ती रास्त आहे.

भावना न दाखवण्याचा उपविभाग सगळ्यांत अशक्त. बाकीच्यांशी त्याचा मेळ कमी बसतो. आपल्याकडे तर त्याच्याकडे दुप्पट संशयाने बघा. ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे ऐकत वाढलेल्या मुलाने ‘मी मनातलं दाखवत नाही’वर खूण केली तर तो घरचा धडा सांगतोय.

आयसीयूला सर्वमान्य असा एकच कट-ऑफ नाही. मराठी मुलांचे प्रमाण-आकडे हाती नसताना जर्मनीतली किंवा अमेरिकेतली सरासरी लावून ‘जास्त’ म्हणायचं नाही. प्रकल्पात गटांची तुलना करा, एकेका मुलाचा निकाल लावू नका.

८. आकडा वर आला. आता काय?

लगेच काही लिहू नका. आधी या गोष्टी बाजूला काढा.

स्वमग्नता. स्वमग्न मुलाला समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं जड जातं, पण ते सांगितलं की बहुतेकदा त्याला त्याचं वाटतं. सीयूमध्ये उलट : दुसऱ्याच्या मनातलं कळतं, वाटत नाही. मी विचारते, ‘तो रडला हे तुला कधी कळलं?’ आणि मग ‘कळल्यावर तुला काय झालं?’ दोन प्रश्न, दोन वेगळ्या गोष्टी. निकाल अर्थातच तज्ज्ञाचा.

उदासी. नैराश्यातलं मूल कशाचीच पर्वा करत नाही, आणि बेपर्वाईचे गुण चढतात. हे आधीपासून असंच आहे की दिवाळीनंतर सुरू झालं, ते विचारा.

ऐकू कमी येणं, बुद्ध्यांक, चंचलता. कंटाळवाण्या वाटतात, पण तपासा. अर्धं वाक्य ऐकू येणारं मूल उद्धट दिसतं.

आणि भोगलेलं. घरात कोण कुणाला मारतं, मूल कुठे राहिलं, कुणी सोडून गेलं का. झोप कशी लागते, दार जोरात आपटलं तर काय होतं. ज्याला ‘कशाचंच काही नाही’ तो दाराच्या आवाजाने दचकत असेल तर तुम्ही त्या आईच्या ‘झालाय’पाशी आलात.

उरलेल्या मुलांबाबतही हात टेकायचं कारण नाही. २००५ सालच्या इंग्लंड-वेल्समधल्या सात वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासात सीयू लक्षणांमागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला, हे खरं. पण २०१६ मध्ये अमेरिकेत दत्तक गेलेल्या बाळांच्या ५६१ कुटुंबांचा अभ्यास आला. जन्मदात्या आईकडून आलेला धोका दत्तक आईच्या शाबासकीने आणि कौतुकाने बराच बोथट झालेला त्यात दिसला. ऑस्ट्रेलियातल्या २००५ च्या एका उपचार-अभ्यासात, अशा मुलांवर शिक्षा म्हणून बाजूला बसवण्याचा परिणाम कमी झाला, पण बक्षीस आणि कौतुकाचा भाग इतर मुलांइतकाच लागू पडला. पालकांना मी हे शेवटचं जरूर सांगते, कारण त्यांनी आतापर्यंत फक्त शिक्षाच वाढवत नेलेली असते.

९. लिहून देताना

‘सायकोपॅथ’ हा शब्द अहवालात, फोनवर, व्हॉट्सअॅपवर, स्टाफरूममध्ये, कुठेही नाही. ‘निष्ठुर मुलगा’ही नाही. लिहायचं ते असं : ‘आई आणि वर्गशिक्षक या दोघांच्याही मते, गेलं वर्षभर, इतरांना लागल्यावर तो विचारपूस करत नाही. धाकट्या बहिणीच्या बाबतीत मात्र करतो.’ कोण म्हणालं, किती काळ, कुठे आणि कुठे नाही. शाळेला द्यायच्या कागदावर गुण टाकू नका. आकडा प्रगतिपुस्तकासारखा हातोहात फिरतो.

आता बाल न्याय मंडळाचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं : गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि घटनेची परिस्थिती. मंडळावर बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर आयसीयू देत नाही. कुणी ‘मॅडम, तेवढा एक आकडा द्या’ म्हणालं आणि तुम्ही त्या कामाचे तज्ज्ञ नसाल, तर नम्रपणे नाही म्हणा आणि आधीची शालेय प्रश्नावली परस्पर पाठवू नका. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

१०. पुन्हा कधी

सहा महिन्यांच्या आत नको. विधानं पाठ असतात. घरी किंवा शाळेत काही बदललं असेल तर त्यानंतर, आणि पहिल्या वेळी ज्यांनी भरली त्यांच्याकडूनच. मधल्या काळात शिक्षक बदलले असतील तर नवी प्रश्नावली भरून घ्या, पण जुन्या आकड्याशेजारी लिहू नका. नवीन पान काढा, त्यावर तारीख आणि भरणाऱ्याचं मुलाशी नातं लिहा. मी डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने आणखी एक खूण करते, ‘वाचून भरली / एका रेषेत’. बेरीज करायला बसायच्या आधी.